कडाक्याच्या थंडीत स्लेटच्या छपरावरचे काळे डाग: आत्ता फवारायचं की थांबायचं?

पागोळी
आमच्या घरावर नैसर्गिक स्लेटचं, म्हणजे दगडी पाट्यांचं छप्पर आहे. एका उतारावर दिवसभर ऊन असतं, तो बऱ्यापैकी स्वच्छ आहे. दुसरा कायम सावलीत. त्यावर आढ्यापासून खाली आलेले काळे ओघळ, मधेमधे राखाडी-पांढरट चकत्या आणि पाट्यांच्या सांध्यांत हिरवं शेवाळ. पन्हळ तुंबते तीही याच बाजूची. साफसफाई करणारे एक ठेकेदार बघून गेले. म्हणाले, ब्लीच मारून देतो, दोन-तीन तासांचं काम आहे, याच आठवड्यात उरकू. सध्या रात्री पारा शून्याखाली जातोय आणि दुपारी जेमतेम ६-७ अंश होतात. इतक्या थंडीत रसायन काम करतं का? दगडाला इजा होते का? त्यांना एक-दोन दिवसांत हो-नाही कळवायचं आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

वळचण
पागोळीताई, छपरांचीच कामं करतो म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं. सध्या नाही म्हणून कळवा.

तुम्ही हवेचं तापमान दिलंत. कामाला महत्त्वाचं असतं ते दगडाचं. हवा ६ अंश असली तरी ज्या उतारावर ऊन पोचतच नाही तिथली पाटी दुपारी दोनलासुद्धा २-३ अंशांवर असू शकते. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं. म्हणून हवा ३ अंश असतानाही सकाळी छपरावर पांढरं दहिवर दिसतं. आणि गंमत बघा, शेवाळ वाढतं ते सावलीच्या उतारावरच. म्हणजे जो भाग धुवायचा तोच सगळ्यात थंड आणि सगळ्यात ओला. उन्हातल्या उताराला हात लावून "आज ठीक आहे" असं ठरवू नये. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड तापमापक मिळतो, तो सावलीच्या उतारावर रोखून बघा. पाटीच ५ अंशांच्या वर असेल आणि पुढची रात्रही गोठणबिंदूच्या वर राहणार असेल तर बोलू.

दुसरी गोष्ट धुण्याच्या पाण्याची. ब्लीचच्या द्रावणात क्षार असतात, त्यामुळे ते शून्याच्या थोडं खालीही पातळ राहतं. पण नंतर धुवायला वापरता ते साधं पाणी, ते शून्यालाच गोठतं. स्लेटच्या पाट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात आणि त्या चढीच्या फटीत पाणी केशाकर्षणाने वरपर्यंत ओढलं जातं. दुपारी तीनला धुतलेलं छप्पर संध्याकाळपर्यंत वाळत नाही. रात्री ते पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. चांगली पाटी हे सहन करते, कारण ती पाणी जवळजवळ शोषतच नाही. पण जिच्या कडेला आधीच पापुद्रा सुटलाय, किंवा खिळ्याच्या भोकापाशी तडा आहे, तिथे हेच पाणी पाचरीचं काम करतं.

पहाटवारा
रसायनाच्या भानगडीत पडताच कशाला? हाय प्रेशर वॉशर लावा, अर्ध्या दिवसात लख्ख. थंडीचाही प्रश्न नाही, रसायनच नाही तर ते काम करेल का हा सवालच उरत नाही.

वळचण
पहाटवारा, स्लेटवर हे करू नका, अगदी कळकळीने सांगतो. पाटी पातळ थरांची असते. जोराचा झोत खालून वर किंवा तिरका लागला की कडेचे थर उचलतात, आणि पाणी पाट्यांच्या खाली घुसून थेट लाकडापर्यंत जातं. जुन्या छपरात खाली अस्तर नसेल तर माळ्यावर पाऊस. जुन्या छपराचे खिळेही बहुधा गंजून बारीक झालेले असतात. दगड अजून शंभर वर्षं टिकेल, पण खिळा मान टाकतो आणि पाटी सरकते. झोताच्या धक्क्याने अशा पाट्या एकदम सुटतात. थंडीत तर पाण्याचा सगळा मामला वर लिहिलाय तोच, फक्त पाणी कितीतरी पट जास्त.

क्षार
रसायनाच्या बाजूने मी लिहिते. प्रयोगशाळेत काम करते, छपरावर चढत नाही, तेव्हा शिडीबिडीचं वळचणदादांनीच सांगावं.

"ब्लीच" म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइट. पोहण्याच्या तलावासाठी मिळणारं सहसा १०-१२.५ टक्के असतं. एक भाग १२.५ टक्क्यांचं द्रावण आणि तीन भाग पाणी घेतलं की साधारण ३ टक्के होतं, आणि काळ्या ओघळांना तेवढं पुष्कळ झालं. ते पेशींची आवरणं आणि आतली प्रथिनं, रंगद्रव्यं ऑक्सिडीकरणाने मोडतं. म्हणून डाग डोळ्यादेखत फिकट होतो.

आता थंडी. रासायनिक अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मा होतो. २५ अंशांना जे काम २० मिनिटांत होतं त्याला १५ अंशांना ४० मिनिटं आणि ५ अंशांना तासाच्या वर, जवळपास ८० मिनिटं लागतील. म्हणजे रसायन थंडीत निकामी होत नाही, मंद होतं. उलट गारठ्यात द्रावण लवकर वाळत नाही, त्यामुळे ते पाटीवर जास्त वेळ ओलं राहतं, ही जमेची बाजू. अडचण माणसाच्या धीराची आहे. दहा मिनिटांत फरक दिसला नाही की लोक आणखी मारतात, मग आणखी तीव्र करून मारतात. शेवटी ठरलेल्यापेक्षा तिप्पट-चौपट क्लोरीन पन्हळीतून बागेत जातं.

साठवणुकीत मात्र थंडी हायपोक्लोराइटची मैत्रीण आहे. उन्हाळ्यात गरम शेडमध्ये पडलेला कॅन झपाट्याने कमजोर होतो, थंड अंधाऱ्या जागी तोच बराच टिकतो. जुना कॅन असेल तर त्याची ताकद कागदावरच्या आकड्याएवढी धरून चालू नका.

पागोळी
क्षार, वळचणदादा, मनापासून आभार. एक शंका. द्रावण कोमट पाण्यात केलं तर? आणि कुणीतरी सुचवलं की गोठू नये म्हणून थोडं अँटिफ्रीझ किंवा गाडीच्या काचेवर मारायचं पाणी मिसळा.

क्षार
दुसरं अजिबात, अजिबात नको. हायपोक्लोराइट तीव्र ऑक्सिडीकारक आहे. अँटिफ्रीझमध्ये ग्लायकॉल असतं, काचेच्या पाण्यात अल्कोहोल आणि कधीकधी अमोनियासुद्धा. यातलं काहीही ब्लीचमध्ये घालायचं नसतं. अमोनियातून क्लोरामाइनचे वायू निघतात, आम्लातून क्लोरीन. व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल, गंज काढायचं द्रव, सगळं यात आलं. पंपात आधी यातलं काही भरलेलं असेल तर तो पंपही नको.

कोमट पाण्याचं म्हणाल तर उपयोग नगण्य. पाटीवर द्रावणाचा थर एखाद्या मिलिमीटरचाही नसतो आणि खाली दगडाचं प्रचंड थंड वस्तुमान. काही सेकंदांत थर दगडाच्या तापमानाला येतो. शिवाय हायपोक्लोराइट तापवलं की ते स्वतःच मोडायला लागतं आणि क्लोरेट तयार होतं.

भूस्तर
चांगला धागा आहे. पण डाग कशाचा आहे हे कुणीच विचारलं नाही, आणि स्लेटच्या बाबतीत सगळं तिथूनच सुरू होतं.

स्लेट म्हणजे चिखलाचा दगड, म्हणजे शेल, दाबाने आणि उष्णतेने रूपांतरित झालेला. त्यात बारीक अभ्रक, क्लोराइट, क्वार्ट्झ ही खनिजं असतात, आणि खाणीप्रमाणे कमी-जास्त कार्बोनेट व पायराइट म्हणजे लोहाचं सल्फाइड. अभ्रकाच्या चकत्या एका दिशेने लागलेल्या असल्यामुळे तो सरळ पाट्यांत चिरला जातो. अभ्रक आणि क्वार्ट्झ यांना ब्लीच काही करत नाही. मात्र कार्बोनेट आणि आम्ल यांचं जमत नाही, आणि पायराइट हवा-पाण्याने आपोआप गंजतं.

त्यामुळे तपकिरी-नारिंगी ओघळ दिसला तर तो बहुधा पायराइटचा किंवा खालच्या लोखंडी खिळ्याचा असतो. ब्लीचने तो जात नाही. युरोपातल्या ईएन १२३२६ या मानकात छपराच्या पाट्यांना यासाठी वेगळा शेरा असतो. टी१ म्हणजे तापवून-भिजवून केलेल्या चाचणीत रूप बदललं नाही, टी२ म्हणजे गंजाचे ओघळ येतील पण पाटी शाबूत राहील, टी३ म्हणजे गंज आरपार जाऊन भोक पडण्याचा धोका. टी३ जातीच्या पाटीवर डाग घासत बसण्याला अर्थ नाही, ती बदलायची असते.

आणि काही पाट्यांचा रंग बदलणं हा त्यांचा स्वभावच असतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या खाणींतली 'सी ग्रीन' पाटी छपरावर चढल्यावर काही काळात तपकिरी-पिवळसर छटांकडे जाते. तो मळ नव्हे. कितीही रसायन मारलं तरी मूळचा हिरवा परत येणार नाही.

ओळखायची सोपी रीत: हात पोचेल अशा खालच्या पाटीवर, हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याने पातळ ब्लीचचे चार थेंब लावा आणि वाट बघा. थंडीत तासभर लागेल हे क्षार यांनी सांगितलंच आहे. काळा रंग फिका पडला तर डाग सजीवांचा. तपकिरी तसाच राहिला तर लोहाचा. काळा असूनही हलला नाही तर काजळी किंवा डांबर असू शकतं. नंतर तेवढी जागा पाण्याने धुवून टाका.

पागोळी
दुपारी लगेच केलं. काळा ओघळ तासाभरात बराच फिकट झाला. राखाडी चकती मात्र फक्त कडेला जराशी पांढरी झाली, बाकी जशीच्या तशी. नखाने उचलून पाहिली तर दगडाचा बारीक कण तिच्यासोबत आला.

भूस्तर
काळे ओघळ बहुतेक सायनोबॅक्टेरिया, ज्यांना नील-हरित शैवाल म्हणतात. उन्हाच्या अतिनील किरणांपासून बचावासाठी ते गडद रंगद्रव्यं बनवतात, म्हणून काळे दिसतात. राखाडी चकती म्हणजे दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन. तिचे बुरशीतंतू दगडाच्या थरांत शिरलेले असतात, म्हणून तो कण निघून आला. कृपया आणखी उकरू नका. ती जिवंत असताना खरवडली की पाटीचा वरचा पापुद्रा सोबत जातो.

वळचण
हे दगडफुलाचं अगदी बरोबर. म्हणूनच मी सरसकट ब्लीचच्या बाजूचा नाही. आमच्याकडे दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि थंडीचा त्यांच्यावर होणारा परिणाम वेगवेगळा.

ब्लीच लगेच उजळवतं, पण ते धुवावं लागतं आणि दगडफुलात खोल जात नाही. दुसरी पद्धत बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाची. ते मारलं की त्या दिवशी काहीच दिसत नाही. धुवायचंही नसतं. दगडफूल आणि शेवाळ मरतं, आठवड्यांमागून आठवडे करडं-तपकिरी पडत जातं, मग ऊन-पाऊस-वारा ते हळूहळू उतरवतात. जाड चकतीला कित्येक महिने लागतात. एक दिवस चकतीची कड पाटीपासून सुटून वर वळलेली दिसते. तेव्हा मऊ ब्रशने हलकेच ढकलली तरी निघते, आणि दगड खाली शाबूत असतो. ज्याला धीर आहे त्याने हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, धुवायचं नाही म्हणजे गोठायचा प्रश्न मिटला, मग थंडीत हे चालेल. इथेच बरेच जण फसतात. या औषधाला छप्पर वरून कोरडं लागतं, म्हणजे ते शेवाळात मुरतं. चिंब शेवाळावर मारलं तर पातळ होऊन पन्हळीत जातं. आणि नंतर काही तास पाऊस, दव, दहिवर काही नको. हिवाळ्यात सावलीचा उतार सकाळी दहिवरामुळे ओला, ते वितळलं की आणखी ओला, वाळतो जेमतेम दुपारी, आणि सूर्य कलला की पुन्हा दमट. म्हणजे दिवसाकाठी खिडकी मिळते दीड-दोन तासांची, तीही मिळाली तर. गोठलेल्या शेवाळावर औषध मारणं म्हणजे औषध वाया. म्हणून थंडी ओसरताना किंवा पानगळीच्या सुरुवातीला, सलग दोन-तीन कोरडे दिवस बघून ते मारतात.

उंबरठा
मध्येच विचारते, माफ करा. आमच्या पन्हळी तांब्याच्या आहेत आणि आढ्याला शिशाची पट्टी आहे. त्यांना काही होतं का? आणि खाली माशांचं छोटं तळं आहे.

क्षार
हायपोक्लोराइट तांबं, जस्त आणि ॲल्युमिनिअम तिन्हींना खातं. तांब्यावर तयार झालेला जुना थर निघून चट्टे पडतात. थंडीत द्रावण जास्त वेळ ओलं राहतं हे मी जमेची बाजू म्हणून लिहिलं, ते धातूच्या बाबतीत मात्र उलटं. तेवढाच जास्त वेळ धातू त्यात भिजतो. तांब्याच्या पन्हळीत आधी पाणी सोडून ठेवावं आणि फवारणी चालू असतानाही वाहतं ठेवावं.

तळं असेल तर दोन्ही रसायनं घातक. बेंझाल्कोनियम तर माशांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी आहे. पन्हळीचा खालचा नळ सोडवून पाणी पिंपात घ्या. छपराचं पाणी साठवण टाकीत जात असेल तर ती जोडणीही आधी तोडा, आणि नंतर पावसाने छप्पर नीट धुवून निघाल्याशिवाय जोडू नका. पिंपातल्या ब्लीचच्या पाण्यात सोडिअम थायोसल्फेट घातलं की क्लोरीन निकामी होतं. तिथे व्हिनेगर ओतून "न्यूट्रल" करायला जाऊ नका, कारण वर लिहिलंच आहे.

झाडांना आधी साध्या पाण्याने चिंब करायचं, मग फवारायचं, मग पुन्हा धुवायचं. हिवाळ्यात हेच पाणी रात्री वाटेवर गोठून बसतं, हेही हिशेबात धरा.

पहाटवारा
वळचणदादा, प्रेशरचं पटलं. मग जस्त किंवा तांब्याची पट्टी आढ्याखाली लावली तर रसायनच नको ना? पाऊस पडला की धातूचे आयन खाली येतात म्हणे.

वळचण
तत्त्व खरं आहे. कुठल्याही जुन्या छपरावर तांब्याच्या फ्लॅशिंगच्या, म्हणजे सांध्यावर बसवलेल्या पत्र्याच्या, खालचा पट्टा बघा, तिथे शेवाळ नसतं. पण पट्टी नवीन वाढ रोखते, आधीची जाड वाढ काढत नाही, आणि तिचा असर खाली उतरता उतरता कमी होत जातो. लांब उताराला वरचा भाग स्वच्छ आणि खालचा तसाच असं होतं. आधी सफाई, मग पट्टी. बसवताना पाट्यांवर चढावं लागतं, तेव्हा तेही काम थंडीत नको.

चढण्यावरून महत्त्वाचं राहिलं. ओली स्लेट घसरडी असतेच. तिच्यावर ब्लीच पडलं की मेलेलं शैवाल साबणासारखं बुळबुळीत होतं. त्यात शिडीच्या दांड्यांवर पहाटेचा बर्फ आणि हातमोज्यांत बधिर झालेली बोटं. पाटीवर थेट पाय ठेवायचा नाही, आढ्याला अडकणारी छपराची शिडी किंवा खाली परांची. शक्य तेवढं जमिनीवरून किंवा परांचीवरून लांब नळीने फवारायचं, वाऱ्याकडे पाठ करून, वरून खाली. चष्म्यावर थंडीत वाफ धरते आणि माणूस तो काढून ठेवतो, नेमकं तेव्हाच डोळ्यात जातं. तोंडावर पूर्ण पारदर्शक ढाल असलेली बरी. आणि एकट्याने कधीच नाही.

पागोळी
ठेकेदारांना आज कळवलं की आत्ता नको. ते म्हणाले, थंडीत शेवाळ झोपलेलं असतं, आत्ता मारलं तर मुळासकट मरतं. यात तथ्य आहे का?

भूस्तर
नाही. शेवाळाला मुळं नसतात, आणि मंदावलेला जीव औषधही मंदपणेच शोषतो. बेंझाल्कोनियमसारखी औषधं जीव सचेत असताना, म्हणजे थोडा ऊबदारपणा असताना, जास्त चांगली लागू पडतात. हिवाळ्यात शेवाळ भरभरून वाढतही नसतं, तेव्हा दोन महिने थांबल्याने छपराचं काही बिघडत नाही. दगडफूल तर वर्षाला काही मिलिमीटरच पसरतं, बऱ्याच जाती त्याहूनही हळू.

वळचण
एक अपवाद. पन्हळ तुंबलेली आहे असं तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहिलंत, ते थंडीतही करून घ्या. तुंबलेल्या पन्हळीत पाणी साचून गोठतं, पन्हळ वजनाने वाकते, आणि पाणी मागे सरकून शेवटच्या ओळीच्या पाट्यांखाली शिरतं. त्याला रसायन लागत नाही. बर्फ वितळलेल्या दुपारी, परांचीवरून, हाताने आणि प्लास्टिकच्या खुरप्याने. सांध्यांतल्या शेवाळाचे जे गोळे सुटून आपोआप खाली आलेत तेवढेच उचला, चिकटलेले ओढू नका.

आणि परांची लावलीच आहे तर खालच्या दोन-तीन ओळींतल्या पाट्या बोटाच्या पेराने वाजवून बघा. चांगली पाटी खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत किंवा तडा आहे. अशा पाट्यांवर खडूने खूण करून फोटो काढून ठेवा. मोसम बदलला की फवारणीच्या आधी त्या बदलायच्या, नंतर नाही, म्हणजे द्रावण आणि धुण्याचं पाणी तड्यांतून लाकडात जाणार नाही.

पागोळी
हे लगेच करून घेते. फवारणीला बेंझाल्कोनियमच ठरवलं. काळ्या ओघळांसाठी वेगळं ब्लीच मारावं लागेल का?

क्षार
नाही मारलं तरी चालेल. तेच औषध सायनोबॅक्टेरियांनाही मारतं, फक्त रंग पावसाने हळूहळू उतरेल. दोन्ही वापरायचीच असतील तर एकाच पंपात किंवा एकाच दिवशी नकोत. आधी ब्लीच, भरपूर धुणं, छप्पर पूर्ण वाळू देणं आणि मग काही दिवसांनी बेंझाल्कोनियम. ब्लीचनंतरचं धुणं मनापासून करायचं, कारण त्यातून मागे मीठ राहतं. ते पापुद्रे सुटलेल्या कडांत स्फटिक धरून आणखी पापुद्रे काढतं.

पागोळी
मग ब्लीच नकोच. पन्हळीचं काम या शनिवारी दुपारी. खुणा केलेल्या पाट्यांचे फोटो इथेच टाकते, वळचणदादा, जरा नजर टाका.

वळचण
टाका. प्रत्येक पाटीचा एक फोटो जवळून आणि एक लांबून, म्हणजे कुठल्या ओळीतली कितवी ते कळेल. खिळ्याचं डोकं दिसत असेल तर तेही घ्या.